वंशावळीत रकाना नसलेल्या बाया

(बीड जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं हे भाषण. रेकॉर्डिंगवरून उतरवताना बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

काल रात्री जेवणं झाल्यावर आपण अंगणात बसलो होतो, तेव्हा एकीनं मला विचारलं, "बाई, उद्या तुम्ही जुन्या पत्रांवर बोलणार म्हणे. आपल्या घरात कुणाला लिहिता येत होतं? कुणाची पत्रं अन् कशाची पत्रं!" तिचा प्रश्न खरा आहे. माझ्या आईला सही येते, आजीला तीही येत नव्हती. पण लिहिता येत नव्हतं म्हणून घरात कागद नव्हते असं नाही. कागद होते. ते कुणी लिहिले, कुणाकडून लिहून घेतले, कुणी जपले आणि कुणी फाडले, हे पाहायला लागलं की बरंच काही दिसतं. मला ते फार उशिरा दिसलं. तेही मी होऊन शोधायला गेले नव्हते.

२०२३ साली आपल्या जिल्ह्यात काय चाललं होतं ते तुम्हांला सांगायला नको. शेजारच्या जालना जिल्ह्यात अंतरवाली सराटीचं उपोषण झालं, सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि सगळा मराठवाडा कागद शोधायला लागला. निजामाच्या काळातली पहाणी पत्रकं, १९५४-५५ची खासरा पत्रकं, शाळेची प्रवेश-निर्गमाची रजिस्टरं, कोतवाल बुकं. कुठं मोडी, कुठं उर्दू. ज्यांना मोडी वाचता येते त्या म्हाताऱ्या माणसांना एकदम मान आला. राज्यभरात पन्नास लाखांवर कुणबी नोंदी सापडल्याचं सरकारनं सांगितलं. पुढं २ सप्टेंबर २०२५ला हैदराबाद गॅझेटच्या आधारानं शासन निर्णयही निघाला.

आरक्षण कुणाला मिळावं, कुणाला मिळू नये, यावर मी आज बोलणार नाही. इथं मराठा बाया आहेत, वंजारी आहेत, बौद्ध आहेत, बंजारा आहेत, मुसलमान आहेत. त्या दोन वर्षांत गावागावांत काय कटुता आली ती आपण सगळ्यांनी सोसली आहे. मला बोलायचंय ते त्या शोधात माझ्या हाती काय आलं, त्याबद्दल.

त्या दिवाळीनंतर माझा भाचा, म्हणजे थोरल्या भावाचा मुलगा, एक कागद घेऊन माझ्याकडं आला. वंशावळ. खापरपणजोबा, त्यांच्या खाली पणजोबा आणि त्यांचे भाऊ, मग आजोबा, चुलत आजोबा, मग वडील, मग तो. चौकटी आणि रेघा. त्याला एका नावाची खात्री करून घ्यायची होती. मी कागद खालीवर पाहिला. पाच पिढ्या आणि एकही बाई नाही. मी म्हणाले, "अरे, यात तुझी आई कुठंय? मी कुठंय?"

तो हसला. म्हणाला, "आत्या, तसा रकानाच नसतो."

पोरगं खोटं बोलत नव्हतं. जातीच्या दाखल्याची वंशावळ बापाकडून चढत जाते. तिथं आईची, आजीची गरज पडत नाही, म्हणून लिहीत नाहीत. पण मुलींचं काय? त्या तर त्याच बापाच्या. भाच्याचं उत्तर होतं, "त्यांचं लग्न झालं ना." एवढंच.

आता यात आपलं काय अडतं ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, नाव नसलं तर नसलं, नावानं काय पोट भरतं?

पहिली अडचण दाखल्याचीच. लग्नानं बाईची जात बदलत नाही. तिला दाखला हवा असेल तर तो माहेरच्या कागदावर. आणि कागद जुना लागतो. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०च्या आधीचा, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०च्या आधीचा, विमुक्त आणि भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१च्या आधीचा, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा पुरावा मागतात. हा कागद आपल्यापैकी कुणाच्या ट्रंकेत आहे? तो भावाच्या घरात आहे. भाऊ चांगला असेल तर मिळतो. बहिणीनं जमिनीचं नाव काढलं असेल तर मिळत नाही. आपल्याकडं येणाऱ्या टाकलेल्या बायांची तर दोन्हीकडून कोंडी. स्वतःसाठी भावाच्या दारात उभं राहायचं आणि लेकरासाठी ज्यानं टाकलं त्या नवऱ्याच्या दारात, कारण कचेरीत लेकराला बापाकडचेच कागद मागतात. १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावायचं असं राज्य सरकारनं ठरवलं, ते चांगलंच झालं. पण नाव लावलं म्हणजे आईकडचा कागद चालतो असं नाही.

दुसरी अडचण जमिनीची. बाप मेला की तलाठ्याकडं वारसांची नोंद होते, सहा-क नावाच्या नोंदवहीत. तिथं वारस कोण, हे कोण सांगतं? घरातले पुरुष सांगतात, गावातले दोघं-चौघं त्यावर सह्या करतात. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानं बापाच्या हिश्शात मुलीला वाटा दिला. महाराष्ट्रानं १९९४ साली आणि केंद्रानं २००५ साली वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मानं हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२०च्या निकालात तो आणखी स्पष्ट केला. कायदे झाले. पण वंशावळीत मुलगीच नसेल तर कायदा कुणाला शोधत येणार? आणि जिथं मुलगी लिहिलेली असते, तिथं लगेच पुढं ओळ असते, बहिणींनी राजीखुशीनं हक्क सोडला.

या राजीखुशीवरच मला बोलायचं आहे.

भाच्याच्या वंशावळीसाठी आम्ही अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, लोखंडी ट्रंक उघडली. ते जाऊन बरीच वर्षं झाली. वर धोतराची पानं होती, त्याखाली शेतसाऱ्याच्या पावत्या, काही उर्दूतल्या. एका कागदावर मोमिनाबाद असं लिहिलेलं. भाच्याला वाटलं हे दुसरंच कुठलं तरी गाव. अंबाजोगाईचं निजामाच्या काळातलं नाव मोमिनाबाद, हेही आपल्या पोरांना आता सांगावं लागतं. त्याखाली, अगदी तळाला, पत्रांची तार होती. जुन्या घरांत भिंतीला टांगलेली असायची, आठवते ना? लाकडाच्या चकतीत बसवलेली लोखंडी तार, वर वाकवलेली. आलेलं पत्र वाचायचं आणि तारेत खुपसायचं. ती तारच जशीच्या तशी ट्रंकेत ठेवलेली.

बहुतेक पत्रं सोयरिकीची होती, हळदीकुंकवाची बोटं लावलेली. मृत्यूचं एकही नव्हतं. कोपरा फाडलेलं कार्ड आलं की ते वाचून फाडून टाकायची रीत, घरात ठेवायचं नाही. त्यामुळं कोण कधी मेलं हे या तारेवरून कळत नाही, लग्नं मात्र सगळी कळतात. आणि त्या सोयरिकीत चार कार्डं होती माझ्या थोरल्या आत्याची.

आत्या ऊसतोडीला जायची. तिचं माहेरचं नाव एक आणि सासरचं दुसरं. तांदळात नाव लिहिलं आणि माहेरचं नाव संपलं. दोन्ही नावं मी इथं सांगत नाही, तिच्या लेकीला ते नको आहे. पण यातली अडचण लक्षात घ्या. कार्डाखाली सासरचं नाव होतं आणि माझ्या भाच्याला ते कुणाचं ते कळेना. "ही कोण बाई?" म्हणाला. सख्ख्या आजोबांची बहीण!

चार कार्डांची चार अक्षरं. कारण आत्याला लिहिता येत नव्हतं. एक कुणा शाळकरी पोरानं लिहिलेलं असावं, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. एक एखाद्या मास्तरानं, सुबक. दोन बहुधा कारखान्याच्या स्लिपबॉयनं. लिहिणाऱ्याचा साचा ठरलेला. साष्टांग नमस्कार, विनंती विशेष, इकडील सर्व खुशाल, तिकडील खुशाली कळवणे. कोपीत राहणारी, पहाटे तीनला उठून फडात जाणारी बाई असं बोलत नाही. तिनं काय सांगितलं आणि लिहिणाऱ्यानं काय उतरवलं, यात बरंच सांडलं असणार. पण एखाद्या वाक्यात लिहिणारा साचा विसरतो आणि बाईचा आवाज सरळ कागदावर येतो.

पहिली दोन कार्डं साधी आहेत. तिसरं १९७९च्या फेब्रुवारीतलं. शिक्का पुसट आहे, पण वर तारीख घातली आहे. माझे आजोबा त्याच्या दोन वर्षं आधी वारले होते. त्या कार्डात खुशालीच्या ओळी संपल्यावर आत्या भावाला सांगते, की वडिलांच्या जमिनीवर मी अंगठा देणार नाही, त्यासाठी माणूस पाठवू नये, मलाही लेकरं आहेत. तीन वाक्यं. मग पुन्हा नमस्कार, वडिलांस आशीर्वाद मागणे, लहानांस आशीर्वाद देणे.

मी ते कार्ड दोनदा वाचलं. आमच्या घरात आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो, की आत्यानं जमीन हसत सोडली. साडीचोळी घेतली आणि म्हणाली, भावाचं ते माझंच. अण्णा हे सांगताना त्यांचा आवाज भरून यायचा. ते खोटं बोलत होते असं मला आजही म्हणवत नाही. त्यांना ते तसंच वाटत असावं.

चौथं कार्ड १९८०च्या आषाढातलं, तिच्या सासरच्या गावाहून आलेलं. त्यात जमिनीचा शब्द नाही. दोन वर्षं झाली मुऱ्हाळी आला नाही, यंदा पंचमीला तरी पाठवा, एवढंच आहे.

मग मी तहसीलच्या अभिलेख कक्षातून फेरफाराची नक्कल काढली. ते पान मिळायला तीन खेपा झाल्या. नोंद १९८०च्या ऑगस्टच्या शेवटाची. पंचमी होऊन पंधरा दिवस झालेले. आणि तिथं ओळ आहे, बहिणीनं राजीखुशीनं हक्क सोडला. खाली अंगठा.

माझी आई ऐंशीच्या पुढं आहे. तिला विचारलं. आधी गप्प बसली. मग म्हणाली, "मुऱ्हाळी धाडला होता तुझ्या बापानं. पोरीला आणलं. लुगडं घेतलं, पुरणपोळी केली. झोक्यावर बसली होती बिचारी. परत घालवायला निघाले तवा वाटेत तहसीलला नेलं."

आईला सगळं माहीत होतं. चाळीस वर्षं. तिला कुणी विचारलं नव्हतं.

मैत्रिणींनो, आपण शिबिरांत हक्कसोडपत्राबद्दल शिकवतो. जमिनीचा हक्क सोडायचा तर दस्त नोंदणीकृत लागतो, तलाठ्यापुढच्या तोंडी जबाबानं तो सुटत नाही, हे आपण सांगतो. फसवून अंगठा घेतला, दारू पाजून घेतला, मारून घेतला, अशा केसेस आपण पाहिल्या आहेत. पण इथं यातलं काहीच झालं नाही. दोन वर्षं मुऱ्हाळी पाठवला नाही, एवढंच झालं. ऊसतोडीच्या बाईला वर्षातले सहा महिने घर नसतं. पावसाळ्यातली चार दिवसांची माहेरची पंचमी हेच तिचं सगळं. ती काढून घेतली आणि मग परत दिली. हे कुठल्या कागदात दिसणार? फेरफारात राजीखुशी आहे. सातबाऱ्यावर अण्णांचं नाव आहे. फक्त दोन कार्डं एकाशेजारी एक ठेवली तरच ते दिसतं. कार्डं एखाद्या पावसात भिजली असती किंवा चुलीत गेली असती तर माझ्यासाठी आत्या आजही हसत जमीन सोडणारीच राहिली असती.

त्याच जमिनीच्या कापसावर माझी कॉलेजची फी भरली गेली. हे मी सांगून टाकते, कारण मी इथं उभी राहून दुसऱ्याच्या बापाबद्दल बोलत नाही.

बाईचं नाव गाळायची सवय फक्त वंशावळीची नाही. मुकादमाची वही पाहा. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघं तोडतात, दोघं मोळ्या बांधतात, बाई मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढते. उचल नवऱ्याच्या नावावर. वहीत बाई अर्धा कोयता म्हणूनही येत नाही. तीच बाई आजारी पडली की तिचे कागद कुठं असतात? २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या वेळी आपल्या जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ बायांची गर्भाशयं काढलेली होती. त्यानंतर मी आमच्या भागातल्या अशा काही जणींना भेटले. ऑपरेशन कधी झालं? "थोरलीचं लगीन झालं त्या साली." कशासाठी केलं? "डॉक्टर म्हणले, कॅन्सर होईल." कागद? कुणाकडं फाईल नाही, डिस्चार्जचा कागद नाही. एकीनं पावती जपली होती, पण ती ऑपरेशनची नव्हती, त्यासाठी गहाण टाकलेल्या डोरल्याची होती. सोनाराच्या त्या पावतीवर तारीख होती. आपण पुरावा पुरावा म्हणतो, तो अशा ठिकाणी सापडतो.

आणि कोतवाल बुकं. मी पाहिलेल्या जुन्या पानांवर जन्माची नोंद अशी असते, अमक्यास मुलगा, तमक्यास मुलगी. बाळाचं नाव नसतं, कारण बारसं व्हायचं असतं. यात मुलगा-मुलगी सारखेच. पण मुलगा पुढं शाळेच्या रजिस्टरात येतो, सातबाऱ्यावर येतो, वंशावळीत येतो. मुलगी त्या एका ओळीनंतर कुठंच येत नाही. २०११च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागं ८०७ मुली होत्या, राज्यात सगळ्यात कमी. दहा वर्षांपूर्वी त्या ८९४ होत्या. त्या वेळी आपण सोनोग्राफीवाल्यांच्या मागं लागलो, ते लागायलाच हवं होतं. पण नाव न लिहिण्यापासून जन्मच न होऊ देण्यापर्यंतची वाट घरातूनच जाते, डॉक्टरच्या दवाखान्यात ती संपते.

काही जणी म्हणतील, मोठ्या बायांची पत्रं ठेवतात, आपली कोण ठेवणार? सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं आज आपल्याला वाचायला मिळतात, १८५६, १८६८ आणि १८७७ सालची. पहिलं माहेरून, नायगावहून लिहिलेलं. त्या आजारी होत्या, भावाकडं होत्या आणि महार-मांगांसाठी तुम्ही नवरा-बायको जे करता ते सोडा असं भाऊ म्हणत होता. त्याच्याशी झालेला वाद त्यांनी पत्रात कळवला आहे. ती पत्रं नसती तर सावित्रीबाई आपल्याला जोतीरावांच्या शेजारी हात जोडून उभ्या असलेल्याच दिसल्या असत्या. भावाला उत्तर देणाऱ्या दिसल्या नसत्या.

आणि ज्यांनी काहीच लिहिलं नाही, त्यांचंही मिळतं, पण घरोघर जावं लागतं. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायांना असंच गाठून, विचारून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक केलं, १९८९ साली. आपल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या. हेमा राईरकर आणि गी पॉईटवाँ यांच्या ओव्यांच्या मोठ्या संग्रहात त्या आहेत. आता कुणालाही ऐकता येतात. ओवीत बाई काय करते? आईचं नाव घेते, बापाचं घेते, भावाचं, भाचीचं, सोयऱ्यांच्या गावाचं घेते, बाबासाहेबांना आपल्या घरातलं माणूस करून घेते. मला विचाराल तर तीही एक वंशावळच आहे, आणि ती बाईपासून सुरू होते. ती दळायचं बंद झाल्यावर आपण सोडून दिली.

आमच्या गटात आम्ही एक वही केली आहे. ती कशी केली ते सांगते, तुम्हांला पटलं तर तुम्ही करा. साधी दोनशे पानी वही. एका बाईला दोन पानं. डावीकडं ती, तिची आई, आईची आई, तिची आई. प्रत्येकीपुढं माहेरचं नाव, सासरचं नाव, दोन्ही गावं. पहिल्या बैठकीत बहुतेकजणी दुसऱ्या पायरीवर थांबल्या. आईच्या आईचं नाव माहीत नाही. आजीला सगळे ‘माय’ म्हणायचे नाहीतर अमक्याची आई म्हणायचे. पुढच्या वेळी विचारून आल्या. एकीची मावशी नाव सांगायचं म्हणून रडली, म्हणाली, तीस वर्षांत आईचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. सालं कुणाला येत नाहीत, तिथं घटना विचारायच्या. रझाकाराच्या धामधुमीत जन्मली की नंतर? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेली तेव्हा पोटाशी कोण होतं? किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा लग्न झालं होतं का? सालं आपोआप बसतात. उजव्या पानावर कागद. शाळेचा दाखला आहे का, कुणाकडं आहे, जमिनीचा गट नंबर, फेरफार पाहिलाय का, दवाखान्याची चिठ्ठी, पत्र, फोटो. कागद नसेल तर ‘नाही’ असं लिहायचं. कुणाकडं अडकलाय तेही लिहायचं.

कागद जपण्याबद्दल थोडं. लॅमिनेशन करू नका, उन्हाळ्यात प्लॅस्टिक चिकटतं आणि मग कागद सुटत नाही. चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी पडून अक्षर खाते. सुती कापडात गुंडाळा, लोखंडी पेटीत ठेवा, पेटी जमिनीवर नको, दोन विटांवर. वेखंड टाका, कडुलिंबाचा वाळलेला पाला टाका. मोबाईलवर फोटो काढा, पुढून आणि मागून दोन्ही, कारण कार्डाचा शिक्का पत्त्याच्या बाजूला असतो. आणि फोटो एकाच फोनमध्ये ठेवू नका. फोन हरवतो, नाहीतर नवरा घेतो.

वही कुणाला दाखवायची यावर आमच्याकडं भांडण झालं, ते लपवत नाही. एकीच्या पानावर लिहिलं होतं की आजी पाटाची होती, दुसरा घरोबा केलेली. सुनेनं ते वाचलं आणि घरात बोभाटा झाला. तेव्हापासून नियम केला, जिचं पान तिच्या परवानगीशिवाय उघडायचं नाही, आणि कुणाला काही लिहायचं नसेल तर आग्रह करायचा नाही. दोघीजणींनी पानं काढून घेतली. घेऊ दे. बाईला आपलं काही झाकून ठेवायचाही हक्क आहे.

आत्याच्या कार्डांचं पुढं काय झालं ते राहिलं. आत्या आता नाही. तिची लेक पन्नाशीची आहे, तिनंही वीस-बावीस हंगाम ऊस तोडला, आता गुडघे गेलेत. मी तिच्याकडं चारही कार्डं घेऊन गेले. जायच्या आधी माझी झोप उडाली होती. तिनं वाटा मागितला तर? मी तिच्या बाजूनं उभी राहणार की भावाच्या? इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घरी जाऊन जे सांगते, ते स्वतःच्या घरात सांगायची वेळ आली होती.

तिला वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं. तिसऱ्या कार्डाशी आले, तेव्हा तिनं हात धरला. म्हणाली, "अक्का, ते पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदाही वाचायला लावलं. मग म्हणाली, "आई अशी बोलायची? आम्हांला वाटायचं तिला काही कळतच नव्हतं."

बराच वेळ गेला. चहा झाला. मग तिनंच विषय काढला. "जमिनीचं राहू दे अक्का, आता कुठं कोर्टात हिंडू? पण हे कार्ड मला दे. आईचा एक फोटो नाही आमच्याकडं."

जमिनीचं राहू दे, असं ती म्हणाली तेव्हा मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला अजून लाज वाटते.

मूळ कार्डं तिच्याकडं आहेत, झेरॉक्स आमच्या पेटीत. थोरल्या भावाला सांगितलं तर तो म्हणाला, मेलेल्या माणसाचं काढून काय मिळालं तुला? चार महिने बोलला नाही. आता बोलतो, त्या विषयाशिवाय. भाच्यानं मात्र दुसऱ्या एका कागदावर वंशावळ पुन्हा काढली, ती कचेरीत चालत नाही हे त्याला माहीत आहे. त्यात आत्या आहे, दोन्ही नावांनी. तिच्याखाली रेघ ओढून तिच्या लेकीचं नाव आहे. तिच्याखाली नातीचं. आत्याच्या बरोबरीला अण्णांचं नाव आहे, आणि त्या दोन नावांच्या मधे त्यानं पेन्सिलनं १९८० असं लिहून ठेवलंय. ते पुसायचं की नाही, यावर त्याचं आणि त्याच्या बापाचं अजून एकमत झालेलं नाही.